कोणत्या तोंडानं शिकवू?

*सर, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला सहायक प्राध्यापक आहे. नोकरीचं चौथं वर्ष. या सेमिस्टरला सेकंड इयरचा नीतिमूल्यांचा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण विभागात मी सगळ्यांत धाकटी आणि बाकी कुणाला तो नको होता. वर्गात ७२ मुलं, तास दुपारी तीनचा. पहिला महिना मी पीपीटीवरून प्रामाणिकपणा, जबाबदारी, व्यवसायनिष्ठा असं सगळं शिकवलं. असाइनमेंट म्हणून 'इंजिनिअरच्या जीवनात नीतिमूल्यांचे स्थान' यावर निबंध मागवला. साठेक निबंध एआयकडून उतरवून आले, त्यातले ११ तर शब्दशः सारखे. मी रागावले. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, गेल्या महिन्यात मान्यतेची समिती आली तेव्हा आपल्या लॅबमध्ये दुसऱ्या कॉलेजची दोन मशिन्स होती. समिती गेली, मशिन्सही गेली. मग आमच्याच निबंधांचं काय घेऊन बसलात?" वर्ग हसला. मी काहीच बोलले नाही.*

*सर, त्या मशिन्सवर आमच्या लॅबचे नंबर मीच चिकटवले होते. एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सांगितलं म्हणून. तेव्हापासून त्या वर्गावर जायला पाय उचलत नाही. हा विषय 'चिकित्सक चिंतना'तून शिकवावा असं एका कार्यशाळेत ऐकलं होतं. म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मी ते कोणत्या तोंडानं शिकवू?*

*— एक वाचक*

मॅडम,

तो शेवटच्या बाकावरचा मुलगा जपा. अख्ख्या महिन्यात तुमच्या वर्गात नीतीचा एकच खरा प्रश्न विचारला गेला, आणि तो त्यानं विचारला. चांगलं कसं वागावं हे सगळं बाजूला सारून त्यानं विषय थेट आपल्या लॅबमध्ये, गेल्या महिन्यात, आपण काय केलं यावर आणला. चिकित्सक चिंतन म्हणजे काय म्हणून तुम्ही विचारता, ते जवळजवळ हेच. शब्द मात्र जड आहे. चिंतन म्हटलं की पोरांना सत्संग आठवतो आणि एचओडींना गेस्ट लेक्चर. वर्गात तो वापरूच नका. 'झाल्या गोष्टीकडे परत जाऊन बघू' एवढं म्हणा, पुरे.

तुम्ही गप्प बसलात त्याचंही फार वाईट वाटून घेऊ नका. त्या क्षणी सुचली असती ती उत्तरं दोनच: 'तो मॅनेजमेंटचा विषय आहे, खाली बस' किंवा 'सगळीकडे असंच असतं'. त्यापेक्षा गप्प बसणं बरं. पुढच्या तासाला मात्र ते चालणार नाही. वर्गातली निम्मी पोरं विसरलीही असतील. तो मुलगा विसरलेला नाही, आणि तुम्हीही नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

शिकवायला येण्याआधी मी चार वर्षं साइटवर होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट. तालुक्याच्या गावी शाळेची दुमजली इमारत चालली होती आणि मी नवखा साइट इंजिनिअर. स्लॅब पडला की त्याच काँक्रीटचे सहा क्यूब भरायचे, ताकद तपासायला त्यातले तीन क्यूब सात दिवसांनी फोडायचे, उरलेले तीन २८ दिवसांनी. जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमधून रिझल्ट यायचे, ते रजिस्टरला चढवायचे, खाली माझी सही. एका दुपारी रजिस्टर सहीला आलं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे २८ दिवसांचे तीन आकडे, एकाखाली एक, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखे. पुढे तारीख लक्ष्मीपूजनाची. पॉलिटेक्निक वसुबारसेपासून बंद होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिथला लॅब असिस्टंट माझाच रूम पार्टनर होता आणि वसुबारसेच्या सकाळी मीच त्याला एसटीत बसवून दिलं होतं.

मी तारखेवर बोट ठेवून बसलो. समोर ठेकेदाराचा सुपरवायझर उभा. त्या सहीवर त्याचं रनिंग बिल अडलेलं. तो म्हणाला, "साहेब, स्लॅब वर जाऊन बघा ना, टणटणीत आहे." मी सही केली. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी धमकावलं नाही. चहा तेवढा आला, तो रोजच यायचा.

ती शाळा आजही उभी आहे. इतक्या वर्षांत तीनदा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. स्लॅबला तडा नाही, पोरं वर दणादण नाचतात. काही झालं नाही. आणि त्या एका वाक्यानं मला त्यानंतरच्या दोन वर्षांत आणखी किती सह्या करायला लावल्या, ते मी कधी मोजलं नाही.

तुमच्या मशिन्सचंही तेच झालं ना? समिती आली, चहा-फरसाण झालं, समिती गेली. काही झालं नाही. त्या ११ निबंधांचंही तेच होणार होतं, तुम्ही रागावला नसतात तर. मला विचाराल तर तुमचा अख्खा सेमिस्टर या एका वाक्याभोवती फिरला पाहिजे. 'काही झालं नाही ना?' हे वाक्य आपण कधी म्हणतो, कुणाला म्हणतो, आणि म्हटल्यावर आपल्या आत काय सैल होतं?

आपल्याकडे हा विषय शिकवताना मेलेली माणसं मोजतात. चॅलेंजर हे अवकाशयान फुटलं, भोपाळला वायू सुटला, पूल पडला. पोरं दोन मिनिटं गंभीर होतात आणि कँटीनला जातात. त्यांचं चुकत नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब असा बसतो की नीतीचा प्रश्न स्फोट होतो तिथे असतो. आपण कुठे यान उडवतोय? म्हणून गोष्ट शेवटाकडून सांगायची नाही.

चॅलेंजरचंच घ्या. २८ जानेवारी १९८६ ला यान फुटलं, सात माणसं गेली, हे सगळे सांगतात. वर्गात त्याआधीचं सांगा. आधीच्या काही उड्डाणांतही बूस्टर रॉकेटच्या जोडातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, जळून झिजलेली सापडली होती. यान सुखरूप परत आलं होतं. काही झालं नव्हतं. दर परतीच्या खेपेला 'थोडी झीज चालते' हा समज आणखी घट्ट बसत गेला. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका. मग कंपनीनं आपसात बोलायला थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात इंजिनिअरिंगचे प्रमुख बॉब लुंड यांना त्यांचे वरिष्ठ म्हणाले, आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि मॅनेजरची घाला. लुंड यांनी मत बदललं.

इथे थांबा. स्फोटाचा व्हिडिओ लावू नका, तो पोरांनी पाहिलेला असतो. लुंड यांच्या खुर्चीत वर्गातल्या एकीला बसवा. तिला सांगा की गिऱ्हाईक फोनवर ताटकळलंय, साहेब समोर बसलेत, आणि 'नक्की फुटेल' असं दाखवणारा आकडा तुझ्याकडे नाही. थंडीतले आकडेच थोडे आहेत, भीती मात्र पुष्कळ आहे. आता तोंड उघड आणि वाक्य बोल. 'मी नैतिक भूमिका घेईन' हे चालणार नाही. नेमके शब्द हवेत, साहेबांच्या तोंडावर म्हणता येतील असे. हे किती अवघड जातं ते बघा. हुशार मुलगीही 'सर... म्हणजे... मला वाटतं की...' इथे अडकते. त्या अडकण्यावर तासभर बोलता येतं.

तुमची पोरं मेकॅनिकलची आणि दुखणं उसन्या मशिनचं, त्यामुळे तुम्हाला त्याहून जवळची गोष्ट आयतीच आहे. फोक्सवॅगन. त्यांच्या डिझेल गाड्यांच्या संगणकात असा प्रोग्रॅम होता की गाडी लॅबमध्ये रोलरवर तपासणीला उभी आहे हे तिला कळायचं. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, अशा खुणांवरून. तेवढ्या वेळापुरतं प्रदूषण-नियंत्रण पूर्ण चालायचं. रस्त्यावर आली की ढिलं. नायट्रोजनची ऑक्साइडं काही गाड्यांत मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत होती, आणि अशा गाड्या जगभर सुमारे १ कोटी १० लाख. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारनं नोटीस काढली, पण धागा त्याआधी सापडला होता तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाला. त्यांनी फार काही केलं नव्हतं. मोजायची यंत्रं गाडीतच चढवली आणि गाडी रस्त्यावर काढली.

समिती आली की शहाण्यासारखी वागणारी गाडी! तुमच्या त्या मुलाला ही गोष्ट सांगा, तो पुढचं स्वतः जोडेल. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी मात्र लिहू नका, तुम्हाला नोकरी आहे. या प्रकरणात जेम्स लियांग नावाच्या इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. वर्गाला विचारण्यासारखं हे, की हा माणूस सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाणारा इंजिनिअर, त्याला 'हे माझ्याच्यानं होणार नाही' म्हणायचा दिवस नेमका कोणता होता? पहिल्या मीटिंगचा? पहिली टेस्ट पास झाली त्याचा? की अशा गोष्टीत तसा एक दिवस कधी येतच नाही?

आता पुढच्या तासाला काय बोलायचं ते. तास सुरू झाल्याबरोबर, हजेरीच्याही आधी: "गेल्या तासाला एक प्रश्न आला, त्याला मी उत्तर दिलं नाही. तू जे पाहिलंस ते मीही पाहिलं. त्यात माझा हात होता. मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं, ते तुम्हाला सांगते." आणि मग खरोखर ते सांगा. एचओडी म्हणाले. दोनच दिवसांचा प्रश्न. सगळीच कॉलेजं करतात. मान्यता गेली तर नुकसान मुलांचंच. यातलं तुमच्या मनात काय आलं होतं ते तुम्हालाच माहीत. नसेल आलं ते घालू नका. एचओडींचं नाव नको, कॉलेजला शिव्या नकोत, दुसऱ्या कुणी काय चिकटवलं ते नको. स्वतःपुरतं, चार मिनिटं. डोळ्यांत पाणी आणायचं नाही आणि माफीही मागायची नाही, कारण तुम्ही माफी मागितलीत की पोरांना ती द्यावी लागते आणि विषय संपतो.

हे स्टाफरूमपर्यंत पोचेल, असंच धरून चला. ते तुम्हाला परवडतं का, हा हिशेब तुमचा. घराचा हप्ता असेल, कन्फर्मेशन व्हायचं असेल, तर मशिनची गोष्ट काढू नका. स्वतः शिकत असतानाचं जर्नल काढा. तुमच्याही जर्नलात मागच्या बॅचची रीडिंग्ज असतील, माझ्या होती. तीही खरीच गोष्ट आहे. खोटं सांगू नका, एवढीच अट.

त्यानंतरच्या आठवड्यात पोरांना त्यांचं स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचं जर्नल आणायला सांगा. टेन्साइल टेस्टचं, म्हणजे धातूचा तुकडा ओढून तोडायच्या प्रयोगाचं, पान उघडायचं. एकेकानं माइल्ड स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (पोलाद ताणायला किती कठीण, त्याचा आकडा) वाचायचा, तुम्ही आकडे फळ्यावर लिहीत जायचं. मी पैज लावतो, सगळे आकडे पुस्तकातल्या २०० गीगापास्कलच्या आसपास घुटमळतील. आता विचारा, एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे तुकडा किती लांबला ते थेट मोजणारं उपकरण, लावला होता का? बऱ्याच कॉलेजांत तो कपाटात असतो आणि किल्ली रजेवर असते. तो न लावता, नुसता क्रॉसहेड (मशिनचा ओढणारा भाग) किती सरकला त्यावरून लांबी धरली, तर जबड्यातली घसर आणि मशिनचं स्वतःचं ताणणं त्यात मिसळतं आणि उत्तर पुस्तकापेक्षा बरंच खाली येतं. यायलाच हवं. म्हणजे ७२ जणांनी उत्तर आधी लिहिलं आणि त्याला साजेशी रीडिंग्ज मागाहून रचली. आलेखावरचे सगळे बिंदू कसे सुतात रेषेवर बसलेत तेही बघा. वर्ग खो खो हसेल. हसू द्या. मग प्रत्येक पानाखालची शिक्षकाची सही दाखवा. कदाचित ती तुमचीच असेल.

यात एक गंमत आहे, ती मला फार आवडते. खरा, 'चुकीचा' आकडा लिहिला असता तर त्यातून काहीतरी शिकता आलं असतं: ग्रिप घसरते, मशिनही ताणलं जातं, मोजणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. बरोबर आकड्यानं काहीच शिकवलं नाही. ज्यांना नीतीबिती कंटाळवाणी वाटते त्या मुलांनाही हे लागतं, कारण इथे अपमान त्यांच्या इंजिनिअरपणाचा होतो.

हसणं ओसरलं की कोरा कागद, पेन, २० मिनिटं. मोबाइल बॅगेत. निबंध नको म्हणून सांगा. ते रीडिंग लिहिलंस तेव्हा तू कुठे होतास, समोर कुणाचं तरी जर्नल होतं का, किती वाजले होते? मनात कोणतं वाक्य आलं? खरं लिहिलं असतं तर काय होईल अशी भीती होती, आणि ते खरंच झालं असतं का? आणि हा आकडा उद्या कुणी खऱ्या कामाला वापरला तर तो कोण असेल? शेवटच्या प्रश्नाला मुंबईची आठवण द्या. सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी कोसळला, सात जण गेले. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल ठीक ठरवला होता. पुलावरून चालणाऱ्यानं तो अहवाल कधी पाहिलेला नसतो. तो कागदावर नकळत पाय ठेवत असतो.

दोन प्रकारचे कागद तुमच्या हाती येतील. एक असा:

"या प्रसंगातून मला प्रामाणिकपणाचे महत्त्व समजले. भविष्यात मी सदैव सत्याची कास धरेन."

दुसरा असा:

"आमचा नंबर आला तेव्हा पावणेपाच झाले होते आणि पाचला बस असते. मामांनी आधीच्या बॅचचा तुटलेला पीस दाखवला आणि म्हणाले, असाच तुटतो. मी अनिकेतचं बघून लिहिलं. वाटलं, वेगळं आलं तर सर रिपीट देतील. गेल्या वर्षी एकाला दिलं होतं म्हणतात, पण तो कोण ते मला माहीत नाही."

दोन्ही मी इथे रचले आहेत, पण या छापाचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचल्यावर रचले आहेत. पहिल्यात माणूस नाही, वेळ नाही, बस नाही. दुसऱ्यानं वचन काहीच दिलेलं नाही, उलट शेवटच्या वाक्यात त्याला स्वतःलाच काहीतरी दिसलंय: ज्या शिक्षेला तो भ्यायला ती मिळालेला माणूस त्यानं कधी पाहिलेलाच नाही. एवढं एका मुलाला दिसलं तर तुमचा तास वसूल. (अनिकेत हे नाव मात्र खोडायला लावा. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.)

मार्कांचं विचारलं नाहीत, पण विचारणार होतात हे मला ठाऊक आहे, कारण कोर्स फाइल भरावी लागते. तंत्रशिक्षण परिषदेनं (एआयसीटीई) आपल्या आदर्श अभ्यासक्रमात मानवी मूल्यं घातली आहेत आणि मान्यता देणाऱ्या एनबीएच्या पीओंमध्ये, म्हणजे पदवीधराला काय यायला हवं त्या यादीत, एथिक्स आहेच, तेव्हा ते किती साधलं (अटेनमेंट) हे दाखवणं चुकत नाही. मार्क द्यायचे ते नेमकेपणाला. काळ, जागा, मनातलं वाक्य आलंय का? दुसऱ्या बाजूनं पाहायचा प्रयत्न आहे का? परत त्याच गोष्टीकडे आल्यावर काही बदललं का? गुन्हा केवढा, याला मार्क नाहीत. पश्चात्तापाला तर अजिबात नाहीत. त्याला मार्क ठेवलेत की तो छापून येतो. एआय पश्चात्ताप फार सुंदर लिहितं. पावणेपाचला मशिनपाशी कोण उभं होतं, ते त्याला माहीत नसतं.

'परत आल्यावर' असं म्हटलं, ते मनावर घ्या. बहुतेक ठिकाणी हा प्रकार एका कागदावर संपतो आणि मग मुलं त्याला भावनिक सबमिशन समजतात. तीन आठवड्यांनी तोच कागद परत द्या, वेगळ्या शाईचं पेन द्या, आणि समासात स्वतःलाच प्रश्न विचारायला लावा. 'इथे मी खोटं लिहिलंय', 'इथे मी सरांवर ढकललंय', असं काहीतरी समासात उमटलं तर समजा गाडी रुळावर आहे. सगळ्यांच्या उमटणार नाही. ७२ मधल्या १५ जणांचं उमटलं तरी खूप झालं. तेवढंही माझ्या पहिल्या वर्षी झालं नव्हतं.

हे कागद कोर्स फाइलला लावायचे नाहीत. नमुना लागलाच तर मुलाला विचारून, नाव झाकून. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की कुणी रॅगिंगबद्दल किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं लिहिलं, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही, पुढे कळवावंच लागेल. आधी न सांगता नंतर तसं केलंत तर वर्ग पुन्हा कधी खरं लिहिणार नाही.

आता या पद्धतीतला धोका. स्वतःकडे बघा, स्वतःकडे बघा, असं म्हणत गेलं की सगळं खापर १९ वर्षांच्या पोरावर फुटतं. ताण तपासायचं एकच मशिन (यूटीएम), २४ जणांची बॅच, दोन तास, आणि त्याच दिवशी सबमिशन. यात खरं रीडिंग येणार कुठून? ते टाइमटेबल कुणी केलं? चिकित्सक या शब्दाला अर्थ आहे तो इथे. पोरांना पानशेतची गोष्ट अशीच द्या. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुणं बुडालं. आदल्या रात्री जवान बांधावर वाळूची पोती रचत होते, ही आठवण पुण्यातल्या जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. पण गोष्ट त्या रात्री सुरू झाली नव्हती. काम अपुरं असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं, तिथे सुरू झाली होती. घाई कुणाला होती, आणि ती सांभाळायची कुणी? साइटवरच्या ओव्हरसीअरनं की ठरवणाऱ्यानं? ज्यांची आजी पुण्याची असेल त्यांना घरी विचारून यायला सांगा. हा गृहपाठ एआयला जमत नाही.

आणि कृपा करून हुतात्म्यांच्या गोष्टींनी सुरुवात करू नका. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांचं नाव पोरांना माहीत असायलाच हवं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्रानं कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं, ते गुप्त राहिलं नाही, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. पण सेकंड इयरला पहिल्या महिन्यात हे सांगितलं तर पोरं एकच धडा घेतात: खरं बोललं की मरतो. ते फायनल इयरला सांगा, आणि तिथेही प्रश्न पत्र लिहिणाऱ्याबद्दल विचारू नका. ते नाव टेबलामागून टेबलामागे सरकवणाऱ्यांबद्दल विचारा. आपली बहुतेक पोरं पुढे अशाच एखाद्या टेबलामागे बसणार आहेत.

राहता राहिले तुम्ही चिकटवलेले नंबर. समिती दोन-तीन वर्षांनी पुन्हा येईल आणि उसनी मशिन्स घेऊन टेम्पोही येईल. त्या दिवशी सगळं थांबवायला तुम्हाला जमणार नाही. मला एक रजिस्टर थांबवता आलं नव्हतं. पण एवढं करता येईल की त्याआधी कधीतरी, साध्या दिवशी, चहाच्या वेळी एचओडींना सांगून ठेवायचं, "सर, आपल्या कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरला जी मशिन्स आहेत त्यांचे नंबर मी लावीन. बाकीच्यांचं तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा." आवाज न चढवता. हे वाक्य घरी आरशासमोर दोन-चारदा म्हणून बघा, तुमच्या त्या विद्यार्थिनीसारखं 'सर... म्हणजे...' होतं का ते कळेल. ते दुसऱ्या कुणाला सांगतील आणि तो नंबर लावेल, हेही खरं. माझ्यानंतर त्या साइटवर आलेल्या पोरानंही सह्या केल्या असणार.

टेन्साइल टेस्ट एकदा तुम्ही स्वतः करून बघा, पोरांच्या आधी. एक्स्टेन्सोमीटर न लावता. यंग्ज मॉड्युलस किती आला ते मला कळवा, पुस्तकातला सोडून.